गोरे यांस दिली

आपलं कूळ ज्याला ठाऊक नाही, तो माणूस अंधारात चालत असतो. हे वाक्य माझं नाही. आमच्या कुलवृत्तांत समितीच्या पहिल्या परिपत्रकाच्या माथ्यावर ते छापलेलं होतं. त्या परिपत्रकाचा मसुदा झाला त्या संध्याकाळी रत्नागिरीत वीज गेली होती, त्यामुळे अंधाराचा विषय सगळ्यांच्याच डोक्यात होता.

हे १९९८ सालचं. त्या सुमारास आमच्याकडे ज्याच्या-त्याच्या घराण्याचे कुलवृत्तांत निघत होते. कुणाच्याही घरी जा, टीव्हीशेजारी लाल रेक्झिनचा, सोनेरी अक्षरांचा एक जाडजूड ग्रंथ असे, आणि तो उघडलेला मी कधी पाहिला नाही. ज्यांच्या घराण्याचा ग्रंथ नव्हता त्यांना लग्नकार्यात जरा खाली मान घालून वावरावं लागे. माझ्या वडिलांच्या चुलतभावाला ही मान घालणं सोसेना. काका मुंबईत सरकारी अधिकारी होते, निवृत्त होऊन रत्नागिरीत स्थायिक झाले होते. निवृत्तीमुळे त्यांच्या हाताखाली कुणी उरलं नव्हतं. समिती काढल्यावर सात जण मिळाले.

मी चिटणीस झालो, कारण मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो आणि माझ्याकडे स्कूटर होती. दोन्हींपैकी स्कूटर जास्त उपयोगी पडली.

काकांबद्दल आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. त्यांच्या वडिलांकडे एका गावाची खोती होती. खोती गेली, मग कूळकायदा आला आणि खाडीलगतची भातजमीन ती कसणाऱ्या कुळांच्या नावावर चढली. तेव्हापासून काकांच्या तोंडी ‘कूळ’ हा शब्द दोन वेगवेगळ्या सुरांत यायचा. घराणं या अर्थाने आला की त्यांची छाती पुढे येई. जमीन कसणारा या अर्थाने आला की काकू उठून रक्तदाबाची गोळी आणत.

कुलवृत्तांतात मुलग्यांना जागा भरपूर असते. जन्म, शिक्षण, नोकरी, बदल्या, मूळव्याधीचं ऑपरेशनसुद्धा. मुलींसाठी एकच ओळ: नाव, आणि पुढे ‘अमुक यांस दिली’. दिली म्हणजे दिली. तिचं पुढे काय झालं हे सांगायचं काम दुसऱ्या कुठल्यातरी आडनावाच्या पुस्तकाचं. मसुदा तपासताना मला माझ्या सख्ख्या आत्याची ओळ दिसली. ‘गोरे यांस दिली.’

आता ह्या गोऱ्यांची हकिगत.

आत्या तरुणपणी अलोऱ्याला कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत शिक्षिका होती. बोगदा खणायच्या यंत्रांवर देखरेख करायला तिथे एक स्कॉटिश फोरमन आलेला होता. त्याच्याशी तिने लग्न केलं. काम संपल्यावर बाकीचे परदेशी आपापल्या देशी गेले, हा राहिला. त्यांचं आडनाव ‘मॅक’ने सुरू होत असे, आणि पुढचं आमच्यात कुणाला धड उच्चारता येत नसे. कामगार त्यांना माकसाहेब म्हणत. वडील आजोबांच्या नकळत आम्हाला अलोऱ्याला नेत, तेव्हा आम्ही मुलं म्हणायचो गोरे काका, कारण ते गोरे होते. यापलीकडे त्या नावात काही नव्हतं.

आजोबांनी लेकीशी बोलणं टाकलं. ‘ह्या घरात तुझं नाव निघायचं नाही,’ असं त्यांनी तिला सांगितलं होतं. पण लोक विचारायचे थांबतात थोडेच? एका लग्नात कुणीतरी म्हणालं, “धाकटी कुठे दिलीत?” कुठलंसं पोर मध्येच बोललं, “ती गोरे काकांकडे असते.” विचारणारा खूश झाला. “गोऱ्यांकडे होय? वा, चांगलं घर मिळालं.” आजोबा काही बोलले नाहीत. आजोबांनी आयुष्यात कधी खोटं सांगितलं नाही, असं त्यांच्या शोकसभेत दोघातिघांनी सांगितलं. ते खरंच आहे. ते नुसते गप्प बसले. तेवढ्यावर अर्ध्या भावकीत आत्या पंचवीस-तीस वर्षं गोऱ्यांची सून म्हणून नांदली, आणि तिची चौकशी करताना लोक खऱ्याखुऱ्या गोऱ्यांच्या आंब्यांचीही चौकशी करू लागले.

गोरे काका वारले तेव्हा आत्या रत्नागिरीत राहायला आली. मूलबाळ नव्हतं. म्हणजे तिची नोंद करायला दुसरं कुठलं पुस्तकही नव्हतं.

मसुदा घेऊन मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती ओटीवर बसून ओले काजू सोलत होती. हाताला चीक लागू नये म्हणून तिने तेल चोपडलं होतं, त्यामुळे कागद मलाच वाचून दाखवावा लागला.

“काय म्हणालास? काय दिली?”

“गोरे यांस दिली.”

“मला कुणी दिली नाही,” आत्या म्हणाली. “मी गेले. एसटीने.”

मी ते समासात लिहून घेतलं.

“आणि गोरे कोण?”

“आत्या, सगळे तसंच समजतात.”

“समजेनात. छापायचं नाही.” तिने काजूचं टरफल बाजूला टाकलं. “त्या माणसाला जिवंतपणी तुमच्या घरात पाट मिळाला नाही. आता मेल्यावर दुसऱ्याच्या नावाने पंगतीत बसवता होय रे? एवढीच एक ओळ आहे माझी. बाबा म्हणाले होते नाव निघायचं नाही. ते निघालं पाहिजे, माझ्या आडनावासकट. ते जमत नसेल तर ओळच काढून टाका. मग मी सगळ्यांना सांगत फिरेन की काढली म्हणून.”

तिचं आडनाव म्हणजे त्यांचं आडनाव. शाळेच्या मस्टरवर तिने ते वर्षानुवर्षं देवनागरीत, सगळ्या जोडाक्षरांसकट लिहिलं होतं. तिच्या विद्यार्थ्यांना शुद्धलेखनाची भीती का वाटत नसे ते मला तेव्हा कळलं.

मी काकांकडे गेलो. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. नाही म्हणणं हे त्यांच्या नोकरीच्या शिस्तीत बसत नव्हतं, तिथे नियम दाखवायची पद्धत होती.

“जावयाची नोंद घालायला माझी ना नाही,” ते म्हणाले. “पण घराणं आपल्यातलं नसेल तर रकाने भरून घ्यावे लागतात. कूळ, मूळगाव, कुलदैवत. गोऱ्यांचं तसं सगळं तयार मिळतं. ह्या गोऱ्याचं तू कुठून आणणार?”

“शोधतो.”

“स्कॉटलंडात?”

“तिथून सुरुवात करतो.”

माझ्या आवाजात उद्धटपणा होता, असं तिथे बसलेल्या आमच्या खजिनदारांनी नंतर मला कौतुकाने सांगितलं.

त्या सुमारास एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याने दोन कॉम्प्युटर घेऊन बाहेर ‘सायबर कॅफे’ अशी पाटी लावली होती. कॉफी मिळत नसे. मी निघालो तेव्हा काकाही पायांत चपला सरकवून बरोबर आले. मी हात हलवत परत येतो हे त्यांना प्रत्यक्ष पाहायचं होतं.

आडनाव टाइप केलं. मॅक म्हणजे मुलगा, एवढं मला पुस्तकांतून माहीत होतं. आमचा ‘कर’ गाव सांगतो, त्यांचा ‘मॅक’ बाप सांगतो. दोघांकडेही कुणी पुरावा मागत नाही. त्या काळी इंटरनेट वरून खाली, रेघारेघांनी उतरत असे. आधी एक मुकुट आला. मग बुरुजाचं टोक, मग भिंत, मग खिडक्या. काकांनी खुर्ची पुढे ओढली.

“हा किल्ला कुणाचा?”

“त्यांच्या कुळाच्या प्रमुखाचा. तिकडे प्रत्येक कुळाला एक प्रमुख असतो.”

“असतो की असायचा?”

“असतो. फोटो आहे खाली, उतरतोय.”

प्रमुख उतरू लागला. टोपीत पिसं, कमरेला चौकड्यांचं वस्त्र, त्याखाली गुडघे. गुडघे दिसेपर्यंत काकांचं मत पालटलेलं होतं.

“सरदार घराणं आहे रे,” ते हळू आवाजात म्हणाले. झेरॉक्सवाल्याने ऐकू नये असं त्यांना वाटत होतं की ऐकावं, ते सांगता येत नाही. “स्कॉटलंडच्या सरदाराकडचा जावई आपल्याला लाभला होता आणि आपल्याला पत्ता नाही.”

“पत्ता अलोरे, तालुका चिपळूण असा होता,” मी म्हणालो.

त्यांनी किल्ल्याची रंगीत प्रत काढायला सांगितली. पुढच्या आठवड्यात एका ओळीची जागा वाढून अख्खं पान झालं. मुंबईच्या सभासदांना फोन गेले. ज्यांनी तीस वर्षांत आत्याचं नाव काढलं नव्हतं त्यांना ती लहानपणापासूनच वेगळी असल्याचं आठवू लागलं. आपल्याही घराण्याला एक चिन्ह असावं, असा ठराव आला. शिंपला घ्यावा की आंबा यावर दोन बैठका झाल्या.

पानासाठी फोटो हवा होता, म्हणून काका माझ्या स्कूटरवर बसून आत्याकडे आले. एकाच गावात राहून ते प्रथमच तिच्या ओटीवर चढत होते. तिने कोकमाचं सरबत केलं.

“अगो, तू आधी बोलली असतीस तर...” काकांनी सुरुवात केली.

“कुणाशी?” आत्याने विचारलं.

काकांनी सरबत घेतलं. आत्याने फोटो आणून दिला. गोरे काका बोगद्याच्या तोंडाशी उभे, अर्धी चड्डी, गमबूट, खांद्यावर चौकड्यांचं कापड. काकांचे डोळे त्या कापडावर खिळले.

“हे त्यांच्या कुळाचं वस्त्र. कॉम्प्युटरवर पाहिलं मी, प्रत्येक कुळाच्या चौकड्या वेगळ्या असतात.”

“चिपळूणच्या बाजारातला टॉवेल आहे तो, दादा. दोन घेतले होते. दुसऱ्याने मी लादी पुसते.”

काका जरा हलले, पण डगमगले नाहीत. “ते असू दे. मुख्य मुद्दा, सरदाराच्या कुळातले होते.”

“सरदाराच्या कुळातले नव्हते,” आत्या म्हणाली. “सरदाराचं कूळ होते.”

“मी तेच म्हणतोय.”

“ते नाही. तुम्ही म्हणताय ते छाती काढून म्हणायचं. मी म्हणते ते खंड भरणारं. जमीन सरदाराची, कसणारे हे. त्याच्या जमिनीवर जो राहील तो त्याचं आडनाव लावायचा, म्हणजे मारामारीत आपल्या बाजूचा कोण ते कळायचं. पुढे सरदाराला उमगलं की माणसांपेक्षा मेंढ्या परवडतात. मग घरांची छपरं उतरवली, माणसं काढली आणि मेंढ्या सोडल्या. ह्यांचे पूर्वज ग्लासगोला गोदीत कामाला लागले. हे काही गुपित नव्हतं. ते स्वतः सगळ्यांना सांगायचे.”

हे खरं होतं. लहानपणी मीही ते ऐकलेलं होतं, पण मला ते गोष्टीतलं वाटे. बोगद्यावरच्या एका मुकादमाची जमीन कूळकायद्यात त्याच्या नावावर झाली होती. त्याने पेढे वाटले तेव्हा गोरे काकांनी ‘कूळ’ म्हणजे काय ते त्याच्याकडून समजून घेतलं, आणि मग म्हणाले, “मी पण.” मराठीतला हा शब्द त्यांना सगळ्यांत जास्त आवडायचा. कुणी विचारलं की साहेब, एवढ्या लांब का आलात, तर सांगायचे, “आम्ही कूळ. आमच्याकडे कायदा उशिरा आला.”

काकांनी पेला खाली ठेवला. गोळी आणायला काकू तिथे नव्हत्या.

“हे छापता येणार नाही,” ते म्हणाले. “मुंबईला सगळ्यांना सांगून झालंय. आपण असं करू. किल्ला छापू, खाली ह्यांचं नाव छापू. बाकी काही लिहायचं नाही. त्यात खोटं काय आहे?”

“काही नाही. बाबांच्यासारखंच. गप्प बसायचं.”

“मग गोरेच राहू दे.”

“तेही नाही,” आत्या म्हणाली, आणि त्यांच्यापुढचा अर्धा पेला उचलून आत घेऊन गेली.

रविवारी समितीची बैठक काकांच्या पडवीत होती. आत्याला कुणी बोलावलं नव्हतं. मी तिला स्कूटरवरून घेऊन गेलो. चिटणीस म्हणून सभासदांची ने-आण माझ्याकडे होती, आणि नियमात ‘सभासद’ची व्याख्या ‘घराण्यात जन्मलेली व्यक्ती’ अशी काकांनीच केलेली होती. जन्मली तर होतीच.

ती मधल्या खुर्चीत बसली. काकांनी घसा साफ करून आजचा विषय वेगळा असल्याचं सांगितलं. आत्याने तो विचारला. विषय होता मुंबईहून आलेली काही पत्रं. परिपत्रक पाहून आमच्याच आडनावाच्या पण आमच्यातल्या नसलेल्या लोकांनी माहिती पाठवली होती. कुणी सुतार, कुणी न्हावी, कुणी आमच्याच कुळांचे नातू. मुंबईला गेल्यावर त्यांनी गावाचं नाव लावलं होतं. त्यांना कसं कळवायचं, असा प्रश्न होता.

“काय कळवायचंय?” आत्याने विचारलं.

“की आडनाव एक असलं तरी घराणं एक नाही. त्यांनी नुसतं गावाचं नाव लावलंय.”

“आणि आपण कशाचं लावलंय, दादा?”

“आपणही गावाचंच. पण आपलं जुनं आहे.”

“आपला मूळपुरुष इथे आला तेव्हा गावाला नाव होतं?”

“होतं, म्हणून तर आपण ते लावलं.”

“म्हणजे आधीच कुणीतरी राहत होतं. मग पहिल्या वर्षी मूळपुरुषाने भात लावलं ते कुणाच्या जमिनीत?”

आमच्यात चिपळूणचे एक वकील होते. ते बैठकीला मुख्यतः काकूंच्या घावनांसाठी येत. तोंडातला घास संपवून ते म्हणाले, “कायद्याच्या दृष्टीने पाहिलं तर खंडानेच घेतली असणार. म्हणजे आपला मूळपुरुष... तेच.”

“मूळपुरुषाला दृष्टान्त झाला होता,” काका म्हणाले.

“झाला असेल. भात लावायला जमीन लागतेच.”

खजिनदार हसले आणि लगेच हिशेबाच्या वहीत पाहू लागले. काकांचा चेहरा लाल झाला होता. मला त्यांची दया आली, पण ती मी पुढच्या रविवारपर्यंत राखून ठेवली. मी उभा राहिलो आणि म्हणालो की आत्या सांगेल तशी ओळ जाणार नसेल, तर चिटणीस आणि स्कूटर दोघंही आजपासून मोकळे.

“आणि प्रुफं कोण तपासणार?” काकांनी विचारलं.

“गोऱ्यांना विचारा.”

वकिलांना ठसका लागला. पाणी आलं, ते पिऊन झालं. मग काकांनी एक गोष्ट केली, ती मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो. त्यांनी कोरा तक्ता पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि आपल्या सुरेख सरकारी अक्षरात आत्याच्या नवऱ्याचं आडनाव लिहिलं. एकही जोडाक्षर चुकलं नाही. इतकी वर्षं त्यांना ते येत होतं.

“सांग,” ते म्हणाले. “कूळ?”

“होय.”

“काय होय?”

“कूळ होते का? होय.”

“अगो, त्या रकान्यात घराण्याचं नाव लिहितात.”

“नाव वर लिहिलंत ना. इथे होय लिहा.”

काकांनी लिहिलं. “मूळगाव?”

“गाव राहिलं नाही. मेंढ्या आहेत.”

“मेंढ्या,” काका लिहिता लिहिता म्हणाले. “कुलदैवत?”

“यंत्राला तेल घालताना काहीतरी पुटपुटायचे. पण ते दैवताचं नसावं. नाही म्हणून लिहा.”

“आणि ‘यांस दिली’?”

“दिली खोडा. ‘अलोरे येथे गेली’ असं घाला.”

काकांचं पेन थांबलं. आता त्यांच्या आवाजात खरोखरच काळजी होती. “असं छापलं तर लोक समजतील की तू वारलीस.”

“समजू देत,” आत्या म्हणाली. “बाबांनी तेच धरलं होतं. फक्त छापलं नव्हतं.”

काकांनी ओळ लिहिली, खाली सही केली, आणि आतल्या दिशेला बघून काकूंना म्हणाले, “हिला घावनं वाढ गो.” आत्याने ती खाल्ली. नारळाच्या रसात गूळ कमी पडलाय असंही सांगितलं.

मुंबईहून आलेल्या त्या पत्रांना आम्ही काही कळवलं नाही. पुरवणीत त्यांची नावं घातली. पुरवणी मूळ ग्रंथापेक्षा जाड होईल अशी भीती खजिनदारांना होती, ती फार चुकीची ठरली नाही.

ग्रंथ निघायला आणखी काही वर्षं गेली. लाल रेक्झिन, सोनेरी अक्षरं, वर शिंपला आणि आंबा दोन्ही. किल्ल्याच्या जागी गमबुटातले गोरे काका, खांद्यावर टॉवेल टाकून. शेजारी आत्याची ओळ, मी स्वतः प्रूफ तपासलेली: अलोरे येथे गेली. पतीचं नाव, संपूर्ण. कूळ: होय. मूळगाव: मेंढ्या. कुलदैवत: नाही.

प्रकाशनानंतर महिन्याभरात आत्याच्या निधनाबद्दल दुखवट्याची दोन पत्रं आली. तिने दोन्हींना स्वतःच्या हाताने उत्तर लिहिलं. त्यातलं एक पत्र खऱ्याखुऱ्या गोऱ्यांचं होतं.